सहा. पण सहा काय?

एक छोटीशी परीक्षा घेऊ. गूगल करायचं नाही, चॅटबॉटला विचारायचं नाही. हातातला चहा खाली ठेवायचीही गरज नाही.

एक्स स्क्वेअरचा डेरिव्हेटिव्ह काय? टू एक्स. शाब्बास. एक्स बरोबर ३ असताना त्याची किंमत? सहा. परत शाब्बास.

आता सांगा, सहा काय?

बहुतेकांची गाडी इथे अडते. समोरच्याच्या रेझ्युमेवर 'मशीन लर्निंग' दिसलं की इंटरव्ह्यूमध्ये मी हा प्रश्न हमखास विचारतो. उत्तरं ठरलेली असतात. "व्हॅल्यू आहे सर." "स्लोप आहे." कशाचा? "टॅन्जंटचा." म्हणजे काय? मग एसीच्या दिशेने बघणं सुरू होतं. ही मुलं ढ नाहीत हो. बारावीला गणितात नव्वदच्या वर असलेली, चेन रूल झोपेत लावणारी मुलं आहेत. साइन इन्व्हर्सच्या आत टू एक्स अपॉन वन प्लस एक्स स्क्वेअर दिलं तर 'पुट एक्स इज इक्वल टू टॅन थीटा' म्हणून दोन ओळींत मोकळी होतात. पण काढलं ते नक्की काय काढलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण ते विचारून मार्क मिळत नाहीत.

तर माझं म्हणणं असं की आपल्याकडे अकरावी-बारावीत डेरिव्हेटिव्ह शिकवतच नाहीत. डेरिव्हेटिव्ह 'काढायला' शिकवतात. आणि ही काही छोटीमोठी उणीव नाही, दोन वर्षांची फसवणूक आहे.

आधी त्या सहाचं बघू. ३ मीटर बाय ३ मीटरची चौरस खोली घ्या. क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. आता शेजारशेजारच्या दोन भिंती बाहेर एक-एक सेंटिमीटर सरकवल्या. (पुण्यातला बिल्डर असेल तर आत सरकवेल आणि कार्पेट एरिया तोच सांगेल, पण ते जाऊ दे.) जागा किती वाढली? दोन भिंतींच्या कडेने दोन पट्ट्या वाढल्या, प्रत्येक ३ मीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद. दोन्ही मिळून ०.०६ चौरस मीटर. शिवाय कोपऱ्यात १ सेंटिमीटरचा एक चिमुकला चौकोन, ०.०००१ चौरस मीटरचा. एकूण ९.०६०१. म्हणजे भिंत जेवढी सरकली त्याच्या साधारण सहा पट क्षेत्रफळ वाढलं. हाच तो सहा. सहा चौरस मीटर, भिंतीच्या दर मीटरमागे. आणि टू एक्समधला टू कुठून आला? दोन भिंती. त्यातला एक्स म्हणजे एकेका भिंतीची लांबी. कोपऱ्यातला चौकोन पट्ट्यांच्या मानाने इतक्या वेगाने लहान होत जातो की भिंत जितकी कमी सरकवाल तितका तो हिशेबात धरण्याच्या लायकीचा राहत नाही.

झालं. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं न सांगता 'एक्स रेझ टू एन, एन खाली आणा, पॉवर एकने कमी करा' असं शिकवणाऱ्या व्यवस्थेला गणिताची व्यवस्था म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते तो टायपिंगचा क्लास आहे.

यावर कुणी म्हणेल, फर्स्ट प्रिन्सिपल शिकवतात की! शिकवतात. बोर्डाच्या पेपरात 'फर्स्ट प्रिन्सिपलने डेरिव्हेटिव्ह काढा' असा प्रश्न येतो आणि म्हणून त्याच्याही पायऱ्या पाठ होतात. एफ ऑफ एक्स प्लस एच, वजा एफ ऑफ एक्स, भागिले एच. वर कंस सोडवायचा, एच कॉमन काढायचा, आणि मग ती सुप्रसिद्ध ओळ लिहायची: 'सिन्स एच टेंड्स टू झीरो, एच इज नॉट इक्वल टू झीरो'. की लगेच वरचा आणि खालचा एच खोडायचा. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत एचच्या जागी शून्य ठेवायचा.

थांबा. जरा परत वाचा. आत्ता म्हणालात एच शून्य नाही, म्हणून त्याने भागलंत. एका ओळीनंतर म्हणता शून्य आहे. ही काय भानगड आहे? शून्य आहे की नाही? पन्नास-साठ पोरांच्या वर्गात एकाही पोराला हा प्रश्न पडत नसेल यावर माझा विश्वास नाही. पडतो, पण ती ओळ नाही लिहिली तर मार्क कापतात एवढंच त्याला कळतं. तो ती ओळ मंत्रासारखी लिहितो.

त्या पोराला कुणी सांगायला हवं की बाबा, तुझी शंका अगदी थोर आहे. १७३४ साली जॉर्ज बर्कली नावाच्या आयरिश तत्त्ववेत्त्याने 'द अनॅलिस्ट' नावाच्या पुस्तिकेत न्यूटनच्या मंडळींना नेमकं हेच विचारून भंडावलं होतं. आधी राशी आहे म्हणता, मग नाही म्हणता, ही गेलेल्या राशींची भुतंच समजायची का, अशा थाटाची त्याची टिंगल होती. लायब्निट्सचा पहिला छापील लेख १६८४चा. म्हणजे ५० वर्षं युरोपातले दिग्गज ग्रहांच्या कक्षांपासून लंबकापर्यंत सगळं या शास्त्राने सोडवत होते, आणि पाया विचारला की पुटपुटत होते. समाधानकारक उत्तर यायला १८२०चं दशक उजाडावं लागलं. कोशीने डेरिव्हेटिव्ह लिमिटवर उभा केला आणि पुढे वायरश्ट्रासने त्या लिमिटच्या व्याख्येचे स्क्रू आवळले. उत्तराचं सार असं: एच कधीच शून्य होत नाही. आपण एच शून्य असतानाचं गुणोत्तर विचारतच नाही. एच लहान-लहान करत गेलं की गुणोत्तर कोणत्या संख्येजवळ जाऊन ठाण मांडतं, एवढंच विचारतो. आपल्या खोलीच्या बाबतीत ते गुणोत्तर सहा अधिक एच इतकं असतं. एच ०.१ असेल तर ६.१, ०.०१ असेल तर ६.०१. ते सहाच्या हवं तितकं जवळ नेता येतं. म्हणून सहा. शेवटी एचच्या जागी 'शून्य ठेवणं' ही ती संख्या ओळखायची सोय आहे, भागाकार तेव्हा उरकलेला असतो.

सुमारे १४० वर्षांचं भांडण त्या एका ओळीत भरलंय, आणि आपण ती ओळ अर्ध्या मार्कासाठी घोकून घेतो.

आपल्या धंद्यातल्या लोकांनी तर हे स्वतः करून पाहावं. लॅपटॉप उघडा आणि कोणत्याही भाषेत साध्या डबल प्रिसिजनमध्ये ३ जवळ एक्स स्क्वेअरचं हे गुणोत्तर काढा. एच ०.१, ०.०१, ०.००१ असं करत जा. सुरुवातीला छान सहाकडे जातं. तुम्ही खूश. आणखी लहान करा. दशांश चिन्हानंतर पंधराव्या जागी १ ठेवलात तर उत्तर येतं ५.३३च्या आसपास. सोळाव्या जागी ठेवलात तर उत्तर शून्य! कारण ३मध्ये इतकी बारीक रक्कम मिळवली की मशीनच्या लेखी ती मिळवलेलीच नसते, बेरीज परत ३च येते. बर्कलीचं भूत तुमच्या रॅममध्ये. गणितातला एच हवा तितका लहान होऊ शकतो, मशीनमधला नाही. हा फरक ज्याला कळला त्याला लिमिट म्हणजे काय हे कळायला लागलं असं मी समजतो, मग त्याचा एप्सिलॉन-डेल्टा कच्चा का असेना.

आता टॅन्जंट. 'डेरिव्हेटिव्ह म्हणजे टॅन्जंटचा स्लोप' हे वाक्य खोटं नाही, पण ते ज्या क्रमाने सांगतात तो क्रम उलटा आहे. दहावीत मुलगा शिकलेला असतो की वर्तुळाला एकाच बिंदूत भेटते ती स्पर्शिका. हीच व्याख्या डोक्यात घेऊन तो अकरावीत येतो. आता एक्स क्यूबचा आलेख घ्या. शून्यापाशी आडवा अक्ष त्याची स्पर्शिका आहे आणि ती आलेखाला चक्क छेदून पलीकडे जाते. उलट एक्स स्क्वेअरच्या पॅराबोलाला उभी रेघ कुठेही मारा, एकाच बिंदूत भेटते, आणि ती स्पर्शिका नाही. कोसाइनच्या माथ्यावरची आडवी रेघ तर अनंत ठिकाणी टेकते. मग स्पर्शिका म्हणजे काय? तर डेरिव्हेटिव्ह हा जिचा स्लोप आहे ती रेघ! म्हणजे डेरिव्हेटिव्ह समजायला टॅन्जंट पाहिजे आणि टॅन्जंट समजायला डेरिव्हेटिव्ह. सरकारी ऑफिसात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात ना, तसं.

त्यापेक्षा झूम करा म्हणावं. मॅप्समध्ये दोन बोटांनी करतो तसं. आलेखाच्या एका बिंदूवर झूम करत गेलं आणि वक्र सरळ रेघेसारखा दिसू लागला, तर त्या रेघेचा चढ म्हणजे डेरिव्हेटिव्ह. मॉड एक्सवर शून्यापाशी कितीही झूम करा, कोपरा कोपराच राहतो, म्हणून तिथे डेरिव्हेटिव्ह नाही. आणि वायरश्ट्रासने १८७२मध्ये असा एक वक्र दाखवला की जो कुठेही तुटत नाही, पण कुठेही झूम केला तरी सरळ होत नाही. अकरावीच्या पोराला हे ऐकून मजा वाटणार नाही?

पण माझ्या मते सगळ्यात चांगला शिक्षक आपल्या दाराबाहेर टांगलेला असतो. लाइटचा मीटर. ज्यांनी जुने मीटर पाहिलेत त्यांना आठवेल, काचेच्या आत एक ॲल्युमिनियमची आडवी चकती फिरायची, तिच्यावर एक काळी किंवा लाल खूण असायची. घरात फक्त एक बल्ब असला की चकती आळसावून फिरायची, गीझर किंवा इस्त्री लावली की पळत सुटायची. वरचे आकडे म्हणजे फंक्शन, आतापर्यंत एकूण किती युनिट वीज वापरली. चकतीचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह, आत्ता या क्षणी किती दराने वापरताय. आकड्यांचं एकक किलोवॅट-तास. त्याला तासाने भागलं की किलोवॅट. आणि दर महिन्याला घरी येणारं बिल? 'मागील रीडिंग', 'चालू रीडिंग', त्यांची वजाबाकी. ३० दिवसांत २४० युनिट, म्हणजे दिवसाला ८, म्हणजे सरासरी ३३३ वॅट. ३३३ वॅटचं उपकरण घरात एकही नसेल कदाचित. सरासरी आणि तत्क्षणी यातला फरक आणखी किती सोपा करून सांगायचा?

आता चकती गेली, तिच्या जागी लुकलुकणारा लाल दिवा आलाय. शेजारी दर युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. दोन किलोवॅटचा गीझर चालू असेल तर दिवा सेकंदाला जवळजवळ पावणेदोन वेळा लुकलुकेल. नऊ वॅटचा एकच एलईडी चालू असेल तर दोन मिनिटं पाच सेकंदांतून एकदा. म्हणजे त्या नऊ वॅटचा 'तत्क्षणीचा' दर दहा सेकंदांच्या एचने मोजायला गेलात तर बहुधा शून्य येईल, आणि नेमकी त्याच वेळात एक लुकलुक सापडली तर सव्वाशे-साडेबाराशे नव्हे, सरळ ११२ वॅट येतील. दोन्ही चूक. वर लॅपटॉपवर झालं तेच इथे झालं: मोजमापाला स्वतःचा कण असतो, एच त्याच्या खाली नेता येत नाही.

हे सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं नाही, हे लक्षात घ्या. बारावीत लग्रांजचं मीन व्हॅल्यू थिअरम आहे. त्यावर काय विचारतात? 'व्हेरिफाय करा.' फंक्शन दिलेलं, इंटरव्हल दिलेला, सी काढा, तो इंटरव्हलमध्ये आहे असं लिहा, खाली दोन रेघा मारा. याच थिअरमवर पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर चलान फाटतात! २०२४ पासून तिथे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. समजा दोन कॅमेऱ्यांमध्ये १० किलोमीटर आहेत आणि तुम्ही ते ५ मिनिटांत कापले. सरासरी ताशी १२०. कॅमेऱ्यासमोर ब्रेक मारून ९०ने गेलात तरी मधल्या कुठल्यातरी एका क्षणी तुमच्या स्पीडोमीटरवर बरोबर १२० असलंच पाहिजे. तो क्षण कुठला हे पोलिसांना माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. थिअरमही तेवढंच सांगतं, 'असा एक सी असतो'. शंभरची मर्यादा मोडलीत हे सिद्ध झालं. एवढी चटपटीत गोष्ट हाताशी असताना 'व्हेरिफाय करा' शिकवणं याला प्रतिभा लागते.

आता नेहमीचे आक्षेप.

"आधी पाठ करा, समज मागाहून येते. पाढे नाही का पाठ केले?" केले ना. पण सात आठे छप्पन्न म्हणणाऱ्या पोराला सात रुपयांच्या आठ पेन्सिली घेतल्या तर छप्पन्न रुपये द्यावे लागतात हे माहीत असतं. पाढ्याचा अर्थ आधी कळतो, पाठांतर वेगासाठी असतं. डेरिव्हेटिव्हमध्ये अर्थ येतच नाही. 'मागाहून' म्हणजे कधी? इंजिनिअरिंगच्या एम-वन, एम-टूमध्ये? तिथे केटी चुकवायची घाई असते.

"डीवाय बाय डीएक्स हा अपूर्णांक नाही, असं बजावतात की." हो, आणि पुढच्याच वर्षी डिफरन्शियल इक्वेशनमध्ये तोच डीएक्स उचलून बरोबरच्या चिन्हापलीकडे नेतात. ते का चालतं यावर अवाक्षर नाही.

"हे आपल्याकडे आधीच होतं, भास्कराचार्यांनी शोधलं." इथे मला दुप्पट राग येतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याशी ज्यांच्या घराण्याचं नाव शिलालेखात जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त खरोखरच ग्रहाची दिवसाची सरासरी गती आणि तात्कालिक गती यांत फरक केलाय. चंद्राची गती इतकी भराभर बदलते की तिथी नेमकी कधी संपते हे काढायला दिवसाची सरासरी पुरत नाही, अशी त्यामागची निकड होती. किती सुंदर उदाहरण आहे! पण फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांना तात्कालिक गती म्हणजे काय हे सांगता येतं? अभिमान बाळगायला निदान वस्तू काय आहे ते तरी माहीत हवं. (आणि हो, त्यापुढचं व्यापक शास्त्र, कुठल्याही फंक्शनला लागू पडणारं, न्यूटन-लायब्निट्सच्या काळातलंच.)

"आम्ही पंधरा वर्षं कोड लिहितोय, काही अडलं नाही." अडलंय, तुम्हाला कळलं नाही. एका क्लायंटकडे रात्री दीड वाजता पेमेंट फेल व्हायला लागली. दोनच्या सुमारास टीमने फिक्स टाकला. मिनिटाला आठशेच्या घरात असलेले एरर दहा-बारावर आले. पण कॉलवरच्या मोठ्या साहेबांसमोर जो डॅशबोर्ड होता त्यावर एररची एकूण संख्या होती. "अजून वाढतंय! फिक्स चालला नाही, रोलबॅक करा." एकूण संख्या कमी कशी होणार, साहेब? ती मीटरवरच्या आकड्यासारखी असते, तिला फक्त पुढे जाता येतं. चालू असलेला फिक्स त्यांनी काढायला लावला आणि आणखी पाऊण तास लोकांचे पैसे अडकले. साहेब एका नामांकित कॉलेजचे इंजिनिअर होते, बारावीला गणितात त्यांना किती मार्क होते ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मॉनिटरिंग टूल्समध्ये रेट नावाचं फंक्शन असतं, काउंटरला पाच मिनिटांच्या खिडकीने भागणारं. ती पाच मिनिटं म्हणजे आपला एच. खिडकी कमी केली की आलेख थरथरतो, वाढवली की बातमी उशिरा कळते. किती ठेवायची हे कुठलाही फॉर्म्युला सांगत नाही.

२०२०-२१मध्ये हाच प्रकार आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. एकूण रुग्णसंख्या, रोजचे नवे रुग्ण, आणि नव्या रुग्णांच्या वाढीचा वेग या तीन वेगळ्या गोष्टी एकाच दमात, एकाच लाल पट्टीवर. 'वाढीचा वेग मंदावला' ऐकून लोक मास्क काढून बाजारात, कारण त्यांना 'रुग्ण कमी झाले' असं ऐकू आलं. फंक्शन, पहिला डेरिव्हेटिव्ह, दुसरा डेरिव्हेटिव्ह. त्या गर्दीत बारावी सायन्स झालेले कमी नव्हते.

"आता एआय सगळं काढून देतं." बरोबर! आणि फॉर्म्युले लावून उत्तर काढणं मशीनला एआयच्या लाटेच्या कितीतरी आधीपासून येतं. एमआयटीतल्या जेम्स स्लेगलचा प्रोग्राम १९६१मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाची इंटिग्रेशन्स सोडवत होता, आणि इंटिग्रेशन डेरिव्हेटिव्हपेक्षा कितीतरी अवघड. म्हणजे जे काम मशीन साठ वर्षांपूर्वी करत होतं तेच आपण आजही मुलांकडून एका प्रश्नाला १०८ सेकंद या दराने करून घेतोय. (सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. तुम्हीच भागा. हाही एक दरच आहे.)

शिक्षकांवर मला खापर फोडायचं नाही. ऐंशी पोरांचा वर्ग, मार्चच्या आत संपवायचा पोर्शन, आणि 'ट्रिक सांगा सर' म्हणणारे पालक यांच्यात सापडलेला माणूस काय करणार? पेपर काढणाऱ्यांवर मात्र नक्की फोडायचंय. पेपर बदलला की क्लासवाले आठ दिवसांत बदलतात, ते धंदेवाईक आहेत. म्हणून तक्रार करून थांबत नाही, एक प्रश्न फुकट देतो. खुशाल वापरा, नाव टाकू नका.

एका घरातल्या मीटरची सकाळची रीडिंग्ज अशी आहेत. ६:०० वाजता ४५१२.००, ६:१० वाजता ४५१२.०५, ६:२० वाजता ४५१२.४३, ६:३० वाजता ४५१२.८१, ६:४० वाजता ४५१२.८६. (अ) गीझर साधारण किती वाजता लागला आणि किती वाजता बंद झाला? (ब) तो अंदाजे किती वॅटचा आहे? (क) ६:२५ला घरात नेमके किती वॅट चालू होते हे या आकड्यांवरून खात्रीने सांगता येईल का? येत नसेल तर आणखी काय मोजावं लागेल?

मार्क ४. वेळ हवा तेवढा घ्या.